मदत हवी आहे: किरकोळ त्रुटी जोडून साखळी शोधणारी स्क्रिप्ट लिहिली, आता वाटाच वाटा निघतायत

मंडळी, नमस्कार.

टिळकवाडीत आम्ही तिघं मिळून सॉफ्टवेअर तपासून द्यायचं काम करतो. गिऱ्हाईक बहुतेक बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सौहार्द सोसायट्या. सध्या एकीचं पिग्मी वसुलीचं ॲप हाती आहे. लेखी परवानगी आहे आणि काम चाललंय ते खोटी खाती भरलेल्या चाचणी सर्व्हरवर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिला प्रतिसाद आयटी कायद्याचं कलम 43 (विनापरवानगी दुसऱ्याच्या संगणकात शिरणं) घेऊनच येईल.

झॅप हा त्रुटी शोधणारा स्कॅनर चालवून आणि हातानं बघून त्रुटींच्या 31 नोंदी निघाल्या. निम्म्याहून जास्त 'लो', उरलेल्या 'मीडियम'. सेक्रेटरी साहेबांनी यादी वरून खाली बघितली आणि लाल रंग कुठंच नाही म्हटल्यावर चहा मागवला.

त्या रात्री मी तीन नोंदी कागदावर एकाखाली एक लिहिल्या. एजंटच्या लॉगिनला भलताच मोबाईल नंबर टाकला तर 'नोंद नाही' येतं, खरा टाकला तर 'ओटीपी पाठवला'. ओटीपी 4 आकडी, आणि कितीदाही चुकला तरी कुणी अडवत नाही. शक्यता सगळ्या मिळून 10,000. (हिला मी मीडियम दिलं, ते माझंच चुकलं म्हणा.) आत गेल्यावर पावतीचा क्रमांक वरच्या पत्त्यातच (यूआरएलमध्ये) दिसतो, तो एकानं वाढवला की दुसऱ्या एजंटच्या ग्राहकाची पावती उघडते. तिन्ही जोडल्या की बाहेरचा कुणीही अख्ख्या सोसायटीची पिग्मी बघू शकतो.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना 'त्रुटींची साखळी' म्हणालो तर ते म्हणतात, "हंगंद्र एन्री?" (म्हणजे काय हो?) मग पावतीपुस्तक मागवलं. बघतो तर प्रत्येक पावतीखाली एजंटचा मोबाईल नंबर शिक्क्यानं मारलेला! म्हणजे माझ्या पहिल्या कडीची गरजच नाही, नंबर पानपट्टीवर मिळतो.

असं काही नवीन नाही म्हणा. मार्च 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरचं प्रॉक्सीलॉगॉन गाजलं ते याच जातीचं. एका त्रुटीनं पासवर्डाशिवाय आत शिरायचं, मग लॉगिन लागणारी दुसरी वापरून सर्व्हरवर फाईल ठेवायची. दुसरी एकटी असती तर धोक्याचे गुण 10 पैकी 7.8 वरच थांबते. पण तिथं माणसांनी साखळी शोधली. मला ती स्क्रिप्टनं शोधायची आहे, कारण पुढच्या सोसायटीत नोंदी 31 असतील की 130, कोण सांगणार.

मी केलं ते असं. प्रत्येक नोंदीला दोन रकाने: आधी काय हवं, नंतर काय हाती येतं. एकीचं 'नंतर' दुसरीच्या 'आधी'शी जुळलं की बाण. मग पायथनमध्ये नेटवर्कएक्स या आलेखांच्या लायब्ररीला 'बाहेरचा माणूस' पासून 'सगळ्या पावत्या' पर्यंतच्या सगळ्या वाटा मागितल्या. हजारो निघाल्या, बहुतेक त्याच त्या, फक्त वळसे घेऊन. वर घोळ असा, की पासवर्ड बदलायच्या एका नोंदीला एजंटचं लॉगिन आणि शाखेचा कोड दोन्ही लागतात, पण आलेखात दोन बाण आत आले की स्क्रिप्टला वाटतं कुठलाही एक पुरे. शाखेचा कोड दारावरच्या पाटीवर आहे. म्हणजे पाटी वाचली की पासवर्ड बदलला, असं छापून ती मोकळी.

थोडं वाचलंय. 2002 मध्ये कार्नेगी मेलनला मॉडेल चेकर (सगळ्या शक्य स्थिती तपासणारं साधन) लावून हल्ल्याचे आलेख काढले होते, पण प्रत्येक स्थिती वेगळी धरली की ते फुगतात. 20 गोष्टी नुसत्या आहे-नाही धरल्या तरी स्थिती 10 लाखांवर. 2005 मध्ये प्रिन्स्टनहून मल्व्हॅल हे हल्ल्याच्या वाटा शोधणारं साधन आलं, त्यात नियम डेटालॉग या तर्काच्या भाषेत लिहितात. ते वेब ॲपच्या असल्या घरगुती तर्काला चालेल का? 'आधी काय हवं' हा रकाना स्कॅनरच्या अहवालातून आपोआप भरता येतो का? आणि ओटीपी 3 मिनिटांत मरतो, ते कसं मांडायचं?

प्रतिसाद

वाटा मोजू नका, हाती काय काय येतं ते मोजा. सुरुवातीला माहीत असलेल्या गोष्टींची यादी घ्या. ज्या नियमाच्या सगळ्या अटी यादीत आहेत तो लावा, त्याचं फळ यादीत घाला. नवीन काही येईना झालं की थांबा. डेटालॉग हेच करतं. 'दोन्ही हवेत' चा घोळ इथं आपोआप सुटतो आणि 31 नियमांना 31 हून जास्त फेऱ्या लागतच नाहीत. प्रत्येक गोष्ट कुठल्या नियमानं आली ते लिहून ठेवा, शेवटाकडून मागं गेलात की साखळी हातात.

यात गृहीत एकच, की मिळालेलं परत जात नाही. ओटीपी मरतो हे शोधताना विसरा, ते साखळी चाचणी सर्व्हरवर चालवून बघताना धरा.

रकान्याचं म्हणाल तर सीव्हीएसएसच्या (त्रुटीला गुण द्यायच्या पद्धतीच्या) ओळीतलं 'पीआर' लॉगिन लागतं का, आणि साधं की वरच्या अधिकाराचं, एवढंच सांगतं. कुणाचं लॉगिन, ते तुम्हीच भरायचं. आणि एकेक नियम काढून पुन्हा चालवा. ज्याच्याविना शेवट गाठता येत नाही, तो आधी दुरुस्त करायला सांगा.

धागाकर्ता

लई उपकार! रात्री 40 ओळींत बसलं. 'नोंद नाही' या संदेशाची त्रुटी काढली तरी साखळी टिकते, कारण पावतीवरचा नंबर. ओटीपीची काढली की तुटते. सेक्रेटरींना हे एका वाक्यात सांगता आलं, तेही कन्नडमध्ये.

आता अडलंय ते त्या सुरुवातीच्या यादीवर. शिक्का, पाटी असल्या गोष्टी कुठल्याच स्कॅनरला दिसत नाहीत. तुम्ही लोक ती यादी कशी काढता? तोवर मी उद्या खडेबाजारात पिग्मीवाल्याच्या मागं दिवसभर हिंडणार आहे, वही घेऊन.