सैल पट्टा शिकवायचा तर फुटपाथवर नको (चर्चा)

सातवा मजला

संध्याकाळी सातच्या सुमारास दादर-माटुंग्यात कुत्री फिरवणारी माणसं बघा. बहुतेक ठिकाणी कुत्राच माणसाला फिरवत असतो. हात खांद्यातून निखळायच्या बेतात, कुत्रा मागच्या दोन पायांवर, घशातून घरघर, आणि मालकाचं "हील! हील!" (म्हणजे माझ्या बाजूने चाल) चालूच. कुत्र्याला तो मालकाचा खोकला वाटत असावा.

माझं म्हणणं असं की सैल पट्ट्यावर चालणं मुंबईतल्या कुत्र्यालाही शिकवता येतं, पण आपण ते थेट रस्त्यावर शिकवायला जातो आणि तिथेच सगळं फिसकटतं. रस्ता ही परीक्षा आहे. अभ्यास घरातल्या पॅसेजमध्ये, मजल्यावरच्या मोकळ्या जागेत, गच्चीवर, रात्री साडेदहानंतरच्या पार्किंगमध्ये व्हायला हवा.

कुत्रा ओढतो त्यात खोडसाळपणा नसतो. त्याची चाल आपल्यापेक्षा जलद असते, आणि ओढलं की पुढे जायला मिळतं. खांबापर्यंत ओढलं, खांब मिळाला, धडा पक्का. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांना पेटीत कोंडून हेच दाखवलं होतं: ज्या हालचालीने दार उघडतं ती मांजर पुन्हा करते. तेव्हा ओढून काहीच मिळू द्यायचं नाही. पट्टा ताणला की आपण थांबायचं. त्याने मागे वळून बघितलं, पट्ट्याला झोल पडला, की चालू. चालताना बाजूला असेल तेव्हा खाऊ द्यायचा, आणि तो आपल्या पँटच्या शिवणीला हात लावून द्यायचा. हात पुढे करून दिलात तर कुत्रा पुढे येऊन आडवाच उभा राहणार. खाऊ मिळतो ती त्याची जागा ठरते.

पट्टा साधा, सहा फुटी. बटण दाबून लांबणारा गुंडाळीचा पट्टा अजिबात नको. त्यात स्प्रिंगचा ताण कायम असतो आणि ओढलं की दोरी वाढते, म्हणजे नको तेच शिकवायचं यंत्र आपण पैसे मोजून आणतो.

आता हे सगळं फुटपाथवर करून बघा. वडापावचा तेलकट कागद, उखडलेले पेव्हर ब्लॉक, मागून फुटपाथवरच चढलेली स्कूटर, कोपऱ्यावर तीन भटकी. तुमच्या चिकनच्या तुकड्याकडे बघतो कोण? म्हणून आधी पॅसेज, मग लिफ्टचं दार उघडण्याची वाट बघणं, मग गेटच्या आतलं कंपाउंड, मग पहाटेची रिकामी गल्ली. गर्दीचा रस्ता सगळ्यात शेवटी. विरोध असेल तर जरूर लिहा.

जुना शेफर्डवाला

करमणूक झाली. आमच्याकडे तीन जर्मन शेफर्ड झाले, तिन्ही चोक चेनवर, म्हणजे ओढली की मान आवळणाऱ्या साखळीवर शिकले. एक झटका, कुत्रा जागेवर. कमरेला खाऊचा बटवा बांधून फिरायचं फॅड हल्लीचं. घरात वरचा कोण हे कुत्र्याला एकदा कळलं की पॅसेजमध्ये कवायत करावी लागत नाही. आणि पट्टा ताणला की थांबायचं म्हणता, तर रानडे रोडला संध्याकाळी थांबून दाखवा. मागची बाई भाजीची पिशवी पाठीत घालेल.

तिखटमीठ

"वरचा कोण" हे प्रकरण लांडग्यांवरून आलं, तेही पिंजऱ्यातल्या. शेंकेल नावाच्या संशोधकाने १९४७ मध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, जबरदस्तीने एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं वर्णन केलं. पुढे लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेक याच्या लिखाणातून ही कल्पना घराघरात गेली, आणि त्याच मेकने १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे आई, बाप आणि पिल्लं, तिथे सिंहासनासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. बाकी तुमचा शेफर्ड तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून पट्टा ओढत होता असं वाटत असेल तर माझी ना नाही.

जुना शेफर्डवाला

लांडगे राहू द्या. झटका चालतो की नाही, एवढंच सांगा. चालतो.

परळकर ताई

चालतो की. चालत नसता तर इतकी वर्षं टिकला नसता. जनावरांच्या दवाखान्यात काम करते, म्हणून त्यानंतरचं सांगते.

झटक्याने कुत्रा थांबतो कारण दुखतं. पण दुखल्याचं खापर तो कशावर फोडेल हे आपल्या हातात नसतं. समोरून दुसरा कुत्रा आला, हा पुढे झेपावला, तुम्ही चेन ओढली. तुमच्या मते तो शिकला, झेपावायचं नाही. त्याच्या मते, दुसरा कुत्रा दिसला की मान आवळते. असं रोज झालं की वर्षभरात तो लांबून कुत्रा दिसताच भुंकायला लागतो, आणि मालक सांगतात, "अचानक रागीट झाला हो." अचानक काही होत नाही.

पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला. जिथे शिक्षा आणि झटके जास्त वापरत, त्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये शिकवताना ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, तेही जास्त वाढलं. २००६ च्या एका अभ्यासात गळपट्ट्यावर ओढ पडली की डोळ्यातला दाब वाढतो असं मोजलं होतं, हार्नेसवर (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्यांवर) तसा वाढला नाही. शेफर्डची मान भक्कम, तो सहन करतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पग, शिह त्झू, पॉमेरेनियन भरलेत. चपट्या नाकाचा पग आधीच कसाबसा श्वास घेत असतो, त्यात मे महिन्यातला दमटपणा. पॉमेरेनियनची श्वासनलिका नाजूक असते. त्यांच्या गळ्यात चेन बघितली की मला बोलावंसं वाटतं आणि बहुधा मी बोलतेच.

चारकोपची चिऊ

मला धागाकर्त्याचंही पटत नाही आणि शेफर्डवाल्या काकांचं तर नाहीच.

तुम्ही दोघं एकाच गोष्टीवर भांडताय: कुत्र्याने माणसाच्या चालीने चालावं, ते खाऊने की चेनने. त्याने तसं चालावंच का? दिवसभर वन बीएचकेमध्ये, खिडकीला ग्रिल, खाली उतरायचं तर लिफ्टमध्ये कोण आहे ते बघून. बाहेर अर्धा तास मिळतो, तोही पँटच्या शिवणीकडे मान वर करून काढायचा? कुत्र्याचं जग नाकात असतं. २०१९ मध्ये ड्युरंटन आणि हॉरोविट्झ या संशोधकांनी दाखवलं की रोज वास शोधायचं काम मिळालेली कुत्री, मालकाच्या बाजूने चालण्याचा सराव केलेल्यांपेक्षा नव्या परिस्थितीकडे जास्त आशेने जातात. मी माझ्या कुत्रीला सकाळी लवकर अक्सा बीचला नेते, पाठीवर हार्नेस, लांब दोरी, जा बाई कुठे जायचं तिथे. ओढते, ओढू दे. माझा हात काही मोडत नाही.

सातवा मजला

चिऊताई, अक्साला हात मोडत नाही हे कबूल. पण अक्सापर्यंत आणि घरी परत चालायचं असतं ना? सोसायटीच्या गेटपासून रिक्षापर्यंत तरी?

आणि वासाला मी नको कुठे म्हटलं? माझ्या मते तोच सगळ्यात मोठा खाऊ. पाच पावलं झोल ठेवून चाललास, मग "जा" म्हणतो, घे त्या खांबाचा वास घे, हवा तेवढा वेळ घे. चिकन परवडत नाही, खांब फुकट. फक्त खांबापर्यंत ओढत न्यायचं नाही. ताणला तर उलट वळून दोन पावलं मागे, परत पुढे.

कट्टेकरी

मी कुत्रा पाळत नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला रोज फेऱ्या मारतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तुमच्या अभ्यासांशी मला कर्तव्य नाही. मला एवढंच दिसतं की सैल पट्टा म्हणजे फुटपाथवर आडवी पसरलेली सहा फुटांची दोरी. मालक एका कडेला मोबाइलवर, कुत्रा दुसऱ्या कडेला झाडापाशी, मध्ये मी. मागे एकदा एका बाईच्या पायाला वेढा पडून त्या आपटल्या. त्यापेक्षा ताणलेला पट्टा बरा, निदान दिसतो.

कायद्याचंही सांगतो. आपल्या जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा करून माणसाला धोका होऊ दिला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा प्रेम घरी करा आणि रस्त्यावर आखूड धरा.

तिखटमीठ

काकांचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे आणि त्याला कुत्रेवाले उत्तर देणार नाहीत, बघा.

परळकर ताई

देते की. सैल आणि लांब यात फरक करा. गर्दीत पट्ट्याची घडी हातात घ्यायची, कुत्रा भिंतीच्या बाजूला, आपण लोकांच्या बाजूला. हात आणि गळपट्टा यांत वीतभर झोल राहिला तरी तो सैलच. दोन्ही हात पट्ट्यावर हवेत म्हणजे मोबाइल आपोआप खिशात जातो. काका म्हणतात ती बाई पडली ती मोबाइलमुळे, झोलामुळे नाही.

कट्टेकरी

कशामुळे का असेना, पडल्या.

फिरस्ता

सायनला कुत्री फिरवायचं काम करतो. माझंही ऐका. इथे सगळे मालक आहेत, पण सकाळी रस्त्यावर कुत्रा तुमच्या हातात नसतो, माझ्या हातात असतो. सहा वाजता एका बिल्डिंगमधून दोन, शेजारच्यातून दोन. माणशी अर्धा तास ठरलेला. चारातला एक ओढला की मी थांबायचं? मग चौघांचं होणार कधी? मालक वरून सांगतात, "ओढू देऊ नका हं, आम्ही ट्रेनिंग चालू केलंय." ट्रेनिंग रविवारी तुम्ही करता, सोमवार ते शनिवार तो माझ्या मागे ओढत फिरतो.

मग तो शिकतो काय? की कधी कधी ओढून मिळतं. कधी कधी मिळणारी गोष्ट कुत्रा सोडत नाही, मटक्यावर आकडा लावणारा सोडतो का?

सातवा मजला

हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं खरं आहे. रोज थांबलात आणि आठची लोकल गाठायची म्हणून एक दिवस ओढू दिलंत, तर कुत्र्यासाठी तो जॅकपॉट. अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त चिवट करतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या कबुतरांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे.

पण यातून "मुंबईत जमणारच नाही" असं निघत नाही. दोन वेगळी साधनं ठेवायची. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला पट्टा लावला, म्हणजे आज सुटी, ओढ हवं तेवढं. फिरस्ता घेऊन जाईल, घाईची सकाळ असेल, पाहुणे आले असतील. छातीवरच्या कडीला लावला, म्हणजे अभ्यास, ओढून एक पाऊलही मिळणार नाही. कुत्री हा फरक आपण समजतो त्यापेक्षा लवकर धरतात, कारण अंगावर ओढ वेगळ्या जागी जाणवते. छातीच्या कडीचा आणखी फायदा असा की त्याने ओढलं तर तो आपल्याकडे तिरका वळतो, जोर पुढे लागत नाही. मात्र छातीच्या कडीवर असताना एकदाही सूट नाही. वेळ नसेल तर कडी बदला, नियम बदलू नका.

फिरस्ता

हे चालेल. कडी कुठली ते मालकाने दारातच लावून द्यावी, मला विचारू नये.

आणि कुणीच लिहिलं नाही ते लिहितो, भटक्यांचं. त्यांच्या गल्लीत शिरताना तुम्ही घाबरून पट्टा आवळता. आवळला की तुमच्या कुत्र्याची छाती पुढे, मान वर, पाय ताठ. समोरच्याला ते भांडणाचं आमंत्रण वाटतं. झोल ठेवून, जरा वळसा घालून, बाजूने गेलात तर बहुतेक वेळा हुंगून सोडतात. नसबंदी-लसीकरण झालेली कुत्री त्यांच्याच भागात परत सोडायची आणि खायला ठरलेल्या जागीच घालायचं, असं सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं. तुमच्या भागात लोक कुठे खायला घालतात ते हेरून ठेवा, आणि त्या वेळेला तिकडून जाऊ नका.

जुना शेफर्डवाला

अंगावर चार भटकी धावून आल्यावर झोल ठेवायचा? माझा शेफर्ड चेनवर होता म्हणून मी त्याला मागे खेचू शकलो. तुमची छातीची कडी तेव्हा काय करते ते कळवा.

फिरस्ता

धावूनच आली तर काका, कुठलीही कडी चालत नाही. तेव्हा मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने फेकायचा आणि उलट वळायचं. खेचलात तर तुमचा कुत्रा मागे पाय रोवून उभा राहतो आणि तुम्ही दोघंही तिथेच अडकता.

जुना शेफर्डवाला

खाऊ! परत खाऊच. असो.

चारकोपची चिऊ

कडीची युक्ती मी करेन, पण छातीची कडी फक्त गेट ते रिक्षा. अक्साला पाठीचीच.

मोगरा

नवीन आहे, पाच महिन्यांची देशी पिल्लू आणली आहे. घरात सासूबाईंमुळे अंडंही चालत नाही. खाऊ काय द्यायचा? आणि पावसात पॅसेजशिवाय पर्याय नसेल तर शेजारी कुरकुरतात.

परळकर ताई

पनीर, बिनमिठाचं. उकडलेलं रताळं, गाजर, सगळं हरभऱ्याच्या दाण्याएवढं कापून, आणि तेवढं तिच्या जेवणातून वजा करायचं. मनुका, द्राक्षं, कांदा, चॉकलेट यातलं काहीही नाही, प्रसादातली मनुकासुद्धा नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तिला नेऊ नका, लेप्टोची लस झाली आहे का ते विचारून घ्या. पॅसेजमध्ये पाच-पाच मिनिटंच करा, दुपारी, शेजारी झोपलेले नसताना. पाच महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी त्याहून जास्त लक्ष देता येत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांचंही फार बिघडणार नाही.