मदत हवी आहे: सीलिअ‍ॅक असलेल्या आईची प्लीहा (पानथरी) नीट काम करत नाहीये का?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आईचं वय ५९. सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) आहे हे ५२व्या वर्षी कळलं, त्याआधी कित्येक वर्षं जुलाब, अ‍ॅनिमिया, वजन उतरणं चालूच होतं आणि जो तो अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या देत राहिला. आता ग्लूटेन पूर्ण बंद आहे, पोट छान आहे.

पण गेल्या महिन्यात सकाळी अंग कसकसतंय म्हणाली आणि रात्री न्यूमोनियाने अ‍ॅडमिट. इतक्या झपाट्याने बिघडलं की आम्ही हादरलोच. बरी झाली, घरी आली. नंतर मी फाईल चाळत होते तर रक्ताच्या स्मिअरच्या (काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती तपासणी) रिपोर्टात तळाशी एकच ओळ होती, 'हॉवेल-जॉली बॉडीज दिसतात', आणि सोनोग्राफीत प्लीहा लहान असल्याचं लिहिलेलं. डिस्चार्ज देताना यावर कुणी चकार शब्द काढला नाही!

तेव्हापासून वाचतेय. तांबड्या पेशीत केंद्रकाचा राहिलेला तुकडा म्हणजे या बॉडीज, धडधाकट प्लीहा तो काढून टाकते, म्हणजे रक्तात तो दिसतोय तर प्लीहा कामात कमी पडतेय. सीलिअ‍ॅक उशिरा कळलेल्या मोठ्या माणसांत हे होतं म्हणे, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या आजारांतही. आणि खरी भीती न्यूमोकोकससारख्या (न्यूमोनिया करणाऱ्या) जंतूंची, कारण त्यांच्याभोवती कवच असतं आणि त्यांना रक्तातून गाळायचं काम मुख्यतः प्लीहाच करते.

तर कुणाच्या घरी असं झालंय का? हे गॅस्ट्रोवाल्यांनी (पोटाच्या डॉक्टरांनी) बघायचं की हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांकडे) जायचं? न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या कवचवाल्या जंतूंवरच्या लशी तुम्हाला कुठल्या क्रमाने दिल्या, मध्ये किती अंतर ठेवलं? ताप आला की लगेच सुरू करायला अँटिबायोटिक घरी ठेवायला सांगितलंय का कुणाला? आणि ग्लूटेन सोडल्यावर प्लीहा थोडीफार सुधारली असं कुणाच्या रिपोर्टात दिसलंय का?

आई म्हणते पोट बरं आहे ना आता, मग सुया कशाला टोचून घ्यायच्या. तिला कसं समजवू हेही सांगा प्लीज. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय, स्मिअरचा रिपोर्ट वेगळा काढून ठेवलाय.