मदत हवी आहे: जावातल्या पेसान्त्रेनमधलं सूफी शिक्षण

नमस्कार मंडळी, एमएच्या प्रबंधासाठी इंडोनेशियातल्या पेसान्त्रेनवर, म्हणजे तिकडच्या निवासी मदरशांवर वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. पश्चिम जावात तासिकमलायाजवळ सुर्यालया म्हणून पेसान्त्रेन आहे, १९०५ सालचं, तिथे कादिरी आणि नक्शबंदी तरीके, म्हणजे सूफी संप्रदाय, एकत्र चालतात, त्यामुळे नमाजानंतर मोठ्याने झिक्रही (अल्लाहचं नामस्मरण) होतं आणि मनातल्या मनातही, शिवाय व्यसन सोडवायला आलेल्या पोरांना मध्यरात्रीनंतर उठवून गार पाण्याने आंघोळ, मग नमाज, मग परत झिक्र (वाचूनच हुडहुडी भरली). पण शाळकरी मुलांना तरीक्याची दीक्षा देतात का, की त्यांना नुसते गझालींचे (मध्ययुगीन सूफी विचारवंत) ग्रंथ नि शिस्त? कारण पूर्व जावातलं तेबुइरेंग १८९९ मध्ये काढणारे हाशिम अशारी तर तरीक्यांमधल्या अतिरेकावर टीका करायचे, म्हणजे सगळीकडे एकच पद्धत नसणार.

गाइड म्हणतात खुलदाबादच्या सूफी दर्ग्यांशी तुलना कर, मला ते ओढूनताणून वाटतंय, दर्गा वेगळा आणि हॉस्टेलवाली शाळा वेगळी.

जकार्ता-बांडुंगकडचं कुणी आहे का इथे? एकट्या मुलीला आत जाऊन कियाईंशी, म्हणजे तिथल्या मुख्य गुरुजींशी, बोलता येतं का, आधी पत्र लागतं का? प्लीज सांगा, सिनॉप्सिस द्यायचाय.