५२ व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पेन्शन किती कमी होते?

अमळनेरची लेक

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातल्या एका राज्य शासकीय कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. जून १९९८ ला लागले, म्हणजे जुन्या पेन्शनमधली. वय ५२ पूर्ण, मूळ वेतन ५२,०००.

श्रावणात आईला लकवा मारला, उजवी बाजू गेली. भाऊ सुरतला कापडाच्या कारखान्यात, त्याला येणं जमत नाही. म्हणून मी माहेरी, अमळनेरला राहायला आले. पहाटे साडेचारला उठून तिचं सगळं आवरते, भाकरी दुधात कुस्करून एकेक घास भरवते आणि एसटीने चोपडा गाठते. दिवसा शेजारच्या मावशी बसतात. मागच्या गुरुवारी रात्री आठला घरी आले तर आई पलंगाखाली पडलेली, हात अंगाखाली दाबलेला. मावशी पाच मिनिटं दळण आणायला गेल्या होत्या. त्यांना तरी काय बोलणार?

आता नोकरी सोडावी असं फार वाटतं. पण जितकी तोंडं तितकी उत्तरं. एक सहकारी म्हणतात, स्वेच्छानिवृत्तीत पाच वर्षं सेवा वाढवून मिळते. दुसरे म्हणतात, ३३ वर्षं झाल्याशिवाय पूर्ण पेन्शन नाही. भाऊ म्हणतो, टेलिफोनवाल्यांना मिळाली तशी एकरकमी रक्कम मिळेल. जाऊबाई म्हणतात, तू सोड आणि पोराला अनुकंपावर लाव. खरं काय ते कोणी नीट सांगेल का? मुलगा शेवटच्या वर्षाला आहे, घरकर्जाचे सहा लाख बाकी आहेत.

आस्थापनेतला जुना माणूस, धुळे

ताई, आधी आईला नमस्कार सांगा. मी ३१ वर्षं आस्थापना शाखेत काढली, पेन्शनची प्रकरणं याच हातांनी तयार केली.

पाच वर्षांची वाढ हा जुना नियम. सहाव्या वेतन आयोगानंतर तो गेला, त्या आशेवर राहू नका. ३३ वर्षांची अटही तेव्हाच सुटली. २० वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी, सेवा झाली की शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन बसतं. म्हणजे तुम्हाला आज २६,००० आणि त्यावर महागाई वाढ. ५८ पर्यंत थांबलात तर सहा वेतनवाढी धरून मूळ वेतन साधारण ६२,००० होईल, पेन्शन ३१,०००. महिन्याला पाच हजारांचा फरक, तोही जन्मभराचा, हे मनात पक्कं असू द्या. सहा वर्षांचा पगार बुडेल तो वेगळा.

खरा फटका उपदानात, म्हणजे ग्रॅच्युइटीत, बसतो. सेवेच्या दर सहामाहीला पाव वेतन, जास्तीत जास्त साडेसोळा पट. आज २७ वर्षांवर साडेतेरा पट बसेल. थांबलात तर जवळपास साडेसोळा पट, तेही वाढलेल्या वेतनावर. मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ वरून २० लाख झाली आहे, तुमची रक्कम तिच्या आतच राहील.

अंशराशीकरणात, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेण्यात, ४० टक्के विकता येतात. तुमच्या वयाला, म्हणजे पुढच्या वाढदिवसाला ५३, गुणक ८.७२४ आहे. १०,४०० गुणिले १२ गुणिले ८.७२४, साधारण १० लाख ८८ हजार. घरकर्ज यातून मिटेल. मग हातात १५,६०० मूळ राहतील, पण महागाई वाढ पूर्ण २६,००० वरच मिळते आणि १५ वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. शिल्लक अर्जित रजेचे, ३०० दिवसांपर्यंत, रोखीकरण मिळेल. भविष्य निर्वाह निधी आणि गट विमा वेगळा.

अनुकंपा सेवेत असताना मृत्यू झाला तरच. जाऊबाईंना तसं स्पष्ट सांगा आणि पोराला अभ्यासाला लावा.

आता माझं कळकळीचं सांगणं. नोटीस तीन महिन्यांची असते. एकदा दिल्यावर मागे घ्यायची तर मुदत संपण्याआधी आणि नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या संमतीने. म्हणून नोटिशीच्या आधी सेवापुस्तक स्वतः पानन् पान चाळा. बदलीच्या प्रत्येक ठिकाणी सेवा पडताळणीची नोंद आणि सही आहे का? वेतननिश्चितीच्या पानावर नाशिकच्या वेतन पडताळणी पथकाचा शिक्का आहे का? वैद्यकीय दाखल्याशिवाय असाधारण (बिनपगारी) रजा घेतली असेल तर तो काळ सेवेतून वजा होतो. प्रकरण पेन्शनच्या मंजुरीसाठी मुंबईला महालेखापालांकडे गेल्यावर अशा एका नोंदीसाठी परत येतं आणि माणूस आठ-आठ महिने बिनपगारी, बिनपेन्शनी बसतो. मी बसलेले पाहिलेत.

भुसावळकर

ताई, मी टेलिफोनवालाच. भाऊ म्हणतात ती रक्कम आम्हाला मिळाली, पण ती भारत संचार निगमची एकदाची योजना होती. २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, ५० पुढच्यांना. झालेल्या सेवेच्या दर वर्षाला ३५ दिवसांचा आणि उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा पगार, असं सानुग्रह अनुदान. ७८ हजारांवर लोकांनी अर्ज केले आणि ३१ जानेवारी २०२० ला आम्ही एकाच दिवशी बाहेर पडलो. कंपनीला माणसं कमी करायची होती, म्हणून पैसे दिले. तुमच्याकडे उलट आहे, तुम्ही स्वतःहून निघताय. सानुग्रह नाही.

दुसरं असं की आमचं अंशराशीकरण ६० वर्षं होईपर्यंत थांबवलं होतं. तुम्हाला ते लगेच मिळतं, ही तुमची जमेची बाजू.

नंदुरबारचा कृषी सहायक

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. हा हिशेब १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांचा आहे. माझ्यासारखा २००८ चा, राष्ट्रीय पेन्शन योजनेतला माणूस मुदतीआधी बाहेर पडला तर जमा रकमेच्या ८० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे ठरावीक पेन्शन देणारी विमा योजना, घ्यावी लागते, हातात २० टक्केच. ५८ ला निवृत्त झालो तर ६० टक्के हातात. ताईंचं पाहून आमच्यातल्या कोणी घाईने अर्ज टाकू नये.

आस्थापनेतला जुना माणूस, धुळे

एक राहिलं. तुमची अर्जित रजा किती शिल्लक आहे? तीन महिने रजेवर जाऊन बघा. रोखीकरणातले तेवढे दिवस कमी होतील, पण सव्वीस हजारांत घर चालतं का आणि आईला कितपत उतार पडतो, दोन्ही कळेल.

अमळनेरची लेक

दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी सेवापुस्तक मागून घेतलं. शिवण सुटलेली, मधली पानं पिवळी पडलेली. २००३ च्या बदलीनंतरच्या चौदा महिन्यांची पडताळणीच नाही, पगार घेतल्याची एक ओळ आणि खाली सहीची जागा कोरी. सातव्या आयोगाच्या पानावर शिक्काही नाही. २२ वर्षं ते पुस्तक माझ्यापासून चार टेबलांवर होतं आणि मी कधी उघडलं नाही.

अर्जित रजा २४० दिवस आहे. ९० दिवसांचा अर्ज काल दिला, जुन्या कार्यालयाला पडताळणीसाठी पत्रही टाकलं. नोटीस आत्ता नाही. आईला सांगितलं तर ती अर्ध्या तोंडाने म्हणाली, "माय, नोकरी सोडू नको. मी आज शे, सकाय नही." मी तिला म्हटलं, तीन महिने तर मी इथेच आहे.

जुन्या कार्यालयातून उत्तर आलं की इथे कळवते. दादा, पडताळणीसाठी त्या काळची वेतन देयकं तिथे सापडली नाहीत तर काय करायचं, तेवढं सांगून ठेवा.