बायकोसाठी पहिलं पिस्तूल: छोटं रिव्हॉल्वरच बरं, असं माझं मत

प्लेनोकर
टेक्सासमध्ये राहतो, डॅलसच्या उत्तरेला. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. कामाची पाळी कधीकधी मध्यरात्रीनंतर सुटते आणि गाडी असते लांबच्या पार्किंगमध्ये. दोघांचंही ग्रीन कार्ड झालेलं आहे. ६ मे २०२३ला शेजारच्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ माणसं मारली गेली, त्यात हैदराबादकडची एक तरुण इंजिनिअर होती. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये इथे प्लेनोत एका हॉटेलबाहेरच्या पार्किंगमध्ये एक बाई चार भारतीय बायकांच्या अंगावर धावून गेली, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. तेव्हापासून घरात हा विषय निघतो आणि तसाच राहतो. आता मी ठरवलंय.

माझं मत असं की जिला बंदुकीची आवड नाही आणि जी नेमबाजीच्या रेंजवर नेमाने जाणार नाही, तिला छोटं रिव्हॉल्वर द्यावं. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या. पाच गोळ्या, वजन अर्ध्या किलोच्या आत, घोडा झाकलेला त्यामुळे पर्समध्ये कशात अडकत नाही. मॅगझिन (गोळ्यांची पेटी), स्लाइड (पिस्तुलाचा मागे खेचायचा वरचा भाग), सेफ्टीचं बटण यातली कुठलीच भानगड नाही. चाप ओढला की सुटली. गोळी फुसकी निघाली तर परत ओढायचा, पुढची येते. ग्लॉक, सिग या कंपन्यांची पिस्तुलं ही हौशी लोकांची यंत्रं. बायकोला दुकानात ग्लॉकची स्लाइड ओढायला दिली, ती अर्ध्यात सुटली. काउंटरवरच्या माणसाने लगेच गुलाबी मुठीचं काहीतरी काढून पुढे ठेवलं. (तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून ती बिनहत्यारीही पुरेशी धोकादायक आहे.)

वाढदिवसाला देणार आहे. विरोधी मतं ऐकायची तयारी आहे, फक्त 'बंदूक वाईट' याच्या पुढे काही असेल तर लिहा.

रेंजवाली
'चाप ओढला की सुटली' हे खरं, पण गेली कुठे? ६४२च्या चापाला पाच-साडेपाच किलोचा दाब लागतो आणि अख्खं हत्यार अर्ध्या किलोचंही नाही. म्हणजे चाप ओढता ओढता नळी हलणार. त्यात नळी दोन इंचांहून आखूड, वरचं नेम धरायचं माशीचं टोक नावापुरतं. आणि इतक्या हलक्या रिव्हॉल्वरचा धक्का तळहाताला असा बसतो की नवखी बाई तिसऱ्या गोळीला डोळे मिटते आणि पाचव्या गोळीनंतर ते खाली ठेवून 'झालं माझं' म्हणते. मी ऑस्टिनकडच्या एका रेंजवर बायकांच्या वर्गाला मदत करते, हे दृश्य नेहमीचं आहे. बहुतेकींना ते नवऱ्यानेच भेट दिलेलं असतं.

छोटं म्हणजे सोपं, हा दुकानात चालणारा समज आहे. वजन जितकं कमी, तितका धक्का जास्त. छोटं रिव्हॉल्वर हे सराव असलेल्या माणसाचं हत्यार आहे. जी सराव करणार नाही तिला तेच द्यायचं म्हणजे उलटं झालं.

स्लाइडचं म्हणाल तर ती दोन बोटांच्या चिमटीत धरून मागे खेचायला गेलं की कोणाचीही अर्ध्यात सुटते. वरून पूर्ण पंजाने घट्ट पकडायची, पिस्तूल अंगाजवळ घ्यायचं आणि मूठ पुढे ढकलायची. दंडाऐवजी छाती-खांद्याची ताकद लागते. तरीही जड वाटलं तर स्मिथ अँड वेसनने मुद्दाम सोप्या स्लाइडचं शील्ड ईझी काढलंय, २०१८ला .३८० मापाच्या गोळीसाठी आणि २०२०ला ९ एमएमच्या. सिगचं पी३६५ सुद्धा २०२२पासून .३८० मध्ये मिळतं.

धुरंधर_ह्यूस्टन
ताईंचं बरंचसं पटतं, पण रिव्हॉल्वरला अगदीच मोडीत काढू नका. अंगाला अंग भिडलेलं असताना पिस्तुलाची नळी समोरच्याच्या छातीवर टेकली तर स्लाइड थोडी मागे सरकून ते उडायचंच थांबू शकतं. रिव्हॉल्वरला ते होत नाही. कोटाच्या खिशातूनही झाकल्या घोड्याचं रिव्हॉल्वर पाचही वेळा उडतं, पिस्तूल पहिल्या गोळीनंतर कापडात अडकायची शक्यता. मनगट ढिलं असेल तर छोटी पिस्तुलं अडकू शकतात, आणि अडकलेलं मोकळं करणं हा सरावाचाच भाग. धक्क्यावरही उपाय आहे: +पी (जास्त दाबाचा) दारूगोळा घेऊ नका, .३८ स्पेशल मापाची, सपाट तोंडाची वॉडकटर गोळी वापरा, बरीच मऊ असते.

पण प्लेनोकर, गोम वेगळीच आहे. 'जी रेंजवर जाणार नाही' हे वाक्य तुम्ही स्वतः लिहिलंत. मग नग कुठला का असेना.

प्लेनोकर
@रेंजवाली, घाबरलेल्या माणसाला तीन-चार हातांवर नेम लागतोच की. लांबचं निशाण कोणाला मारायचंय? आणि बायकोसाठी घर, गाडी, विमा सगळं मीच बघून घेतलं, हेही घेतलं तर बिघडलं काय?

रेंजवाली
विमा हातात धरून झाडायचा नसतो. मुठीवर तिची बोटं पुरतात का, चापापर्यंत तर्जनीचं पेर नीट पोचतं का, हे तुम्ही तुमच्या हातावरून सांगणार? माझ्या यजमानांना ग्लॉक १९ सोडून दुसरं काही दिसत नाही. तेच मी धरलं की मूठ फिरवल्याशिवाय मॅगझिनचं बटण दाबता येत नाही. मी पी३६५ वापरते. दहा गोळ्या, बारीक मूठ. चांगलं पिस्तूल ते की हे, हा वादच नाही. हात ज्याचा, निवड त्याची.

आणि तीन-चार हातांचं म्हणाल तर टेक्सासच्या परवान्याची परीक्षाच ३, ७ आणि १५ यार्डांवर होते, ५० गोळ्या, २५० पैकी १७५ गुण. ३ यार्डांवर, कागदावर, भरदिवसा, कोणी अंगावर येत नसताना लोक चुकतात. बघा एकदा जाऊन.

दुसरं, तुमच्या यादीत हत्यार अंगावर ठेवायचं होल्स्टर कुठेच दिसलं नाही. सौ. कामावर काय घालतात? लॅबचे स्क्रब्ज असतील तर कमरेला नाडी असते. कुर्ता-लेगिंग्जला पट्टा नसतो, साडीचं तर विचारूच नका. पुरुषांना पट्ट्यात खोचून मोकळं होता येतं, आपल्याला पोटपट्टा लागतो, आणि त्यातही चाप पूर्ण झाकणारं कडक कवच हवंच. नुसतं कापड असेल तर बाहेरून चाप दाबला जाऊ शकतो. कपड्यांवरून हत्यार ठरतं, हे पुरुषांच्या लक्षात येत नाही.

एडिसनचा तात्या
पर्स म्हणालात म्हणून लिहितो. ३० डिसेंबर २०१४, आयडाहोतलं हेडन गाव, वॉलमार्ट. दोन वर्षांच्या पोराने आईच्या पर्सची चेन उघडली, आतलं पिस्तूल त्याच्या हातात आलं, आणि आई जागेवर गेली. ती अडाणी नव्हती, परवाना होता, नेमबाजीची सवय होती. पर्स खास पिस्तूल ठेवायच्या कप्प्याची होती आणि नवऱ्याने त्याच नाताळात भेट दिलेली होती. वाढदिवसाची भेट म्हणालात म्हणून आठवलं.

प्लेनोच्या त्या व्हिडिओबद्दलही एक सांगा. त्यात तुमच्या सौ. असत्या आणि पर्समध्ये रिव्हॉल्वर असतं, तर काय केलं असतं? धक्काबुक्की करणाऱ्या, शिव्या देणाऱ्या बाईला गोळी घातली असती? टेक्सासमध्येसुद्धा त्याची सफाई देता देता घर विकावं लागलं असतं. त्या चौघींमधल्या एकीने मोबाइल काढला, चित्रण केलं, आणि ती बाई अटकेत गेली.

प्लेनोकर
तात्या, न्यू जर्सीत बसून टेक्सासला शिकवणं सोपं आहे. आमच्याकडे १ सप्टेंबर २०२१पासून पिस्तूल बाळगायला परवाना नसला तरी चालतं. समोरच्याकडे असणारच हे धरून चालावं लागतं.

एडिसनचा तात्या
आमच्याकडेही सुप्रीम कोर्टाच्या जून २०२२च्या ब्रूएन निकालानंतर (घराबाहेर हत्यार बाळगण्याच्या हक्काचा) लोकांना परवाने मिळू लागलेत, माझ्या गल्लीत दोघांकडे आहेत, दोघेही गुजराती दुकानदार. मी बंदुकीच्या विरोधात आहे असं समजू नका. पर्सच्या विरोधात आहे. पर्स माणूस खुर्चीला अडकवतो, गाडीत विसरतो, आणि चोरालाही आधी तीच हवी असते.

डॉक्टरीणबाई
हा धागा 'कुठलं पिस्तूल' यावरच चाललाय म्हणून थोडं खडबडीत लिहिते. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले, त्यातले २६,३२८ आत्महत्या होत्या. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या गटाने वर्षानुवर्षांच्या नोंदी जुळवून २०२०मध्ये दाखवलं की हातबंदूक असलेल्या स्त्रियांमध्ये बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण नसलेल्यांच्या ३५ पटींहून जास्त आहे. पुरुषांत ते आठ पट. त्याच गटाने २०२२मध्ये लिहिलं की हातबंदूकवाल्याच्या घरात राहणाऱ्या, स्वतःकडे ती नसलेल्या माणसांना जोडीदाराकडूनच घरात गोळी लागून मरण्याचा धोका सात पट होता. त्या बळींत ८४ टक्के बायका.

पार्किंगमधला अनोळखी माणूस डोळ्यांसमोर येतो, बाळंतपणानंतरचे वाईट महिने येत नाहीत. आपल्या समाजात नैराश्य अजून शेजारणीलाही सांगत नाहीत, डॉक्टर तर लांबच. घरात कोणाची मनःस्थिती ठीक नसेल त्या काळात पिस्तूल घराबाहेर ठेवायचं, हे आधीच दोघांनी ठरवलंय का?

धुरंधर_ह्यूस्टन
बाई, आकडे बरोबर असतील, पण आधीच खचलेली काही माणसं बंदूक घेतात, म्हणूनही ते फुगतात.

डॉक्टरीणबाई
काही घेतात, हे त्या अभ्यासातही आहे. खरेदीनंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट. पण पुढच्या वर्षांतही तो धोका उतरून शून्यावर येत नाही. झोपेच्या गोळ्या घेतलेल्या बहुतेकांना आम्ही वाचवतो. बंदूक चालवून घेतलेल्यांना क्वचितच.

कायदेबाज
चार गोष्टी, गरजेच्या क्रमाने नव्हे.

हॉस्पिटलच्या आत ती ते नेऊ शकणार नाही, व्यवस्थापनाची लेखी परवानगी मिळाली तरच, आणि ती मिळत नाही. टेक्सासचा कायदा नोकरदाराला आपल्या कुलूपबंद गाडीत ठेवू देतो. म्हणजे होणार काय, तर पाळीभर पिस्तूल गाडीत आणि पार्किंगमधून चालत जाताना बायको रिकाम्या हाताने. ज्या पन्नास पावलांची भीती आहे तिथेच ते नसणार. अशा गाड्या फोडून पिस्तुलं नेणारे या राज्यात कमी नाहीत.

विनापरवाना चालतं हे खरं, तरी परवाना काढाच. शाळेपासून १,००० फुटांच्या आत केंद्रीय कायदा आडवा येतो, राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. फी ४० डॉलर.

भेट द्यायला कायद्याची हरकत नाही. पण पैसे तिचे आणि खरेदीच्या ४४७३ फॉर्मवर सही तुमची, असं करू नका. तो गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. तिलाच दुकानात नेऊन तिच्या नावावर घ्या, म्हणजे फाटे फुटत नाहीत.

घरात भरलेलं हत्यार निष्काळजीपणे ठेवलं आणि ते १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तोही वेगळा गुन्हा.

अंगणातली चिमणी
मध्येच विचारते, मी एच-४ व्हिसावर आहे. नवऱ्याच्या मित्राने रेंजवर बोलावलंय, नुसतं उडवून बघायला. चालेल ना?

कायदेबाज
नको. एच-१बी, एच-४, एफ-१ हे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसा, त्यांच्यावर असताना हत्यार बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे. रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. एक पळवाट कायद्यातच आहे: कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो असेल तर सूट मिळते. पण मित्राच्या हौसेसाठी ग्रीन कार्डाची फाइल पणाला लावू नका, आधी वकिलाला विचारा.

रेंजवाली
पर्सचा विषय निघालाच आहे तर भारतवारीचंही लिहिते. इथल्या विमानतळांवर २०२३ साली तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि बहुतेकांचं उत्तर एकच: 'बॅगेत होती हे विसरलो.' त्याहून वाईट म्हणजे तळाशी राहिलेली एक सुटी गोळी. इथे कोणाच्या लक्षात आली नाही आणि परतीला मुंबईत सापडली, तर शस्त्र कायदा, १९५९. गोळीलाही तिथे परवाना लागतो. पुढे 'माहीत नव्हतं' हे कोर्टात मान्य होतंही, पण तोवर फ्लाइट गेलेली, पासपोर्ट पोलिसांकडे, आणि सासरे वकील शोधतायत. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग आयुष्यात एक करू नका.

प्लेनोकर
धागा तिला वाचायला दिला. रिव्हॉल्वर हलकं आहे या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे, ते ज्याने चोवीस तास बाळगायचंय त्यालाच कळतं. पण ती म्हणाली, 'मला विचारलंस का?' आणि दुसरं, हॉस्पिटलचा सुरक्षारक्षक फोन केला की गाडीपर्यंत सोडायला येतो, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. आता बायकांच्या वर्गाला स्वतःच नाव घालतेय. तिथे .२२च्या छोट्या गोळीने सुरुवात करतात म्हणे. वाढदिवसाला पिस्तूल नको, तिजोरी आण म्हणाली. धाकटा पाच वर्षांचा आहे. बोटाच्या ठशाची घ्यावी की आकड्यांची?

रेंजवाली
आकड्यांची, बटणं दाबायची. लॅबमध्ये दिवसभर हात धुऊन आणि हातमोजे घालून बोटं कोरडी पडतात, ठसा वाचत नाही. आणि भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने ठोकून घ्या, नाहीतर चोर तिजोरीसकट उचलतो.

धुरंधर_ह्यूस्टन
बॅटरी संपली तर उघडायची किल्ली असते, ती कपाटात साड्यांखाली ठेवू नका. पाच वर्षांचं पोर तिथे आधी बघतं.