छापखाना वाढवताना आधी कोणते यंत्र घ्यावे?

प्रश्न: गिरगावात आमचा लहान छापखाना असून लग्नपत्रिका, बिलबुके आणि व्हिजिटिंग कार्डे ही मुख्य कामे आहेत. एकरंगी मिनी ऑफसेट (प्लेटवरून शाई उतरवून छापणारे) यंत्र आहे, पण रंगीत कामे बाहेर द्यावी लागतात. कर्ज काढून १३ × १९ इंची कागदावर संगणकावरून थेट छापणारे डिजिटल यंत्र घ्यावे, की जुने दुरंगी ऑफसेट? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: आधी गेल्या वर्षाची बिले काढून प्रत्येक कामाच्या प्रती मोजा. ऑफसेटवर चाररंगी कामाला चार प्लेटा लागतात आणि रंग जुळेपर्यंत कागद वाया जातो. हा खर्च शंभर प्रतींना आणि पाच हजार प्रतींना जवळजवळ सारखाच येत असल्याने लहान कामे परवडत नाहीत. डिजिटलला प्लेट नसते, मात्र टोनर (शाईची भुकटी) व देखभालीचा दर प्रत्येक प्रतीमागे लागतोच. शिवाय दुरंगी यंत्रावर चाररंगी काम दोनदा चालवावे लागते, हे विसरू नका. तुमची कामे पाहता मला डिजिटल योग्य वाटते.

उत्तर २: मी आधी चांगले कटिंग आणि क्रीझिंग (घडीची रेघ पाडणारे) यंत्र घेईन. जाड पत्रिकेची घडी फुटली, तर सुंदर छपाईही ग्राहक परत करतो.

उत्तर ३: जागा वरच्या मजल्यावर असल्यास यंत्राचे वजन आणि थ्री-फेज वीजजोडणी आधी तपासा. मुंबईच्या पावसाळ्यात कागद ओलावा धरतो, लहरतो आणि डिजिटल यंत्रात अडकतो, म्हणून वातानुकूलनाचा खर्चही कर्जाच्या हिशेबात धरा.