जनता दलाला मराठवाड्यात मतदार नव्हता की नेता?

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई:
‘मधल्या वाटेच्या पक्षाला मराठवाड्यात कधी जागाच नव्हती; १९८९ मध्ये व्ही. पी. सिंहांच्या वाऱ्यावर दोन खासदार निवडून आले, इतकेच,’ हे काल येथे वाचले आणि राहवले नाही. १९७७ मध्ये औरंगाबादने बापू काळदाते यांना लोकसभेत पाठवले, १९७८ मध्ये जनता पक्ष ९९ जागा घेऊन विधानसभेतील सर्वांत मोठा पक्ष ठरला, आणि १९८९ मध्ये नांदेडहून डॉ. व्यंकटेश काब्दे व बीडहून बबनराव ढाकणे जनता दलातर्फे निवडून आले. बारा वर्षांत इतक्या वेळा सुटणाऱ्याला वारा म्हणत नाहीत, पावसाळा म्हणतात. मतदार जागेवरच होता. नेते उठून गेले. १९९० च्या नोव्हेंबरात पक्ष फुटला, ढाकणे चंद्रशेखरांबरोबर जाऊन केंद्रात मंत्री झाले, आणि आम्ही ज्यांच्या दारात मते मागितली होती त्यांच्या दारावरून वर्षभर मान खाली घालून जात होतो.

वकील, जालना:
सरांनी १९७७ च्या जनता पक्षाची जमा १९८८ मध्ये स्थापन झालेल्या जनता दलाच्या खात्यावर मांडली आहे, हा हिशेब टिकणारा नाही. त्या जनता पक्षात जनसंघही, म्हणजे आजच्या भाजपचा पूर्वज, होता. आमच्या जालन्यातून पुंडलिक दानवे १९७७ मध्ये जनता पक्षाचे म्हणून निवडून आले आणि १९८९ मध्ये भाजपचे म्हणून; मतदारसंघ तोच, माणूस तोच. म्हणजे ते मत काँग्रेसविरोधी होते, मध्यममार्गी नव्हते. १९८८ मध्ये औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक झाली आणि शिवसेना सर्वांत मोठा पक्ष म्हणून पुढे आली, तेव्हाच त्या मताला नवे घर मिळाले. १९९० च्या विधानसभेत शिवसेना ५२, भाजप ४२ आणि जनता दल २४. १९९५ मध्ये जनता दल ११. यात कोणी पळाले नाही, भाडेकरू घर सोडून गेला.

जुना कार्यकर्ता, परभणी:
दोघेही मूळ दुखणे टाळत आहात. २७ जुलै १९७८ रोजी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि आमचा पक्ष गावागावांत उताणा पडला. माझ्याकडे तेव्हा वर्गणीचे पावतीपुस्तक असे. ठरावानंतरच्या बाजारच्या दिवशी पारावर एकाने पावती माझ्या हातावर ठेवली आणि दिलेला रुपया परत मागितला. मी तो दिला. त्याच्यामागे आणखी सहाजण उभे होते.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई:
तो ठराव एकमताचा होता, काँग्रेसवाल्यांनीही त्याला हात वर केले होते. मग रुपया आमच्याकडेच का मागितला गेला?

जुना कार्यकर्ता, परभणी:
कारण ते मुंबईत हात वर करून गावात गप्प बसले आणि आपण गावात भाषणे केली. आपल्यातही ‘हे आत्ताच कशाला’ असे कुजबुजणारे होते, हे आपणांस ठाऊक आहे.

बँक कर्मचारी, नांदेड:
क्षमा असावी, पण आपण रुपयाचा हिशेब करीत आहात, तेव्हा ठरावाविरुद्धच्या दंगलीत आमच्या दलित वाड्यांवर घरे जळत होती. माझ्या आजोबांनी जळालेल्या घरातून एक पितळी परात काढली. तिला पडलेला काळा डाग पुढे कितीही घासला तरी गेला नाही. नंतर जनता पक्षाचे लोक मते मागण्यास आले, तेव्हा आजीने त्यांना त्याच परातीतून पाण्याचे पेले दिले आणि एकही शब्द बोलली नाही. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी, आणि तोही अर्धा: ‘मराठवाडा’ हे नाव तसेच ठेवून त्याला आंबेडकरांचे नाव जोडले. ज्यांनी ठरावाला हात वर केला त्यांनी एवढा काळ मधल्या वाटेवर उभे राहून काय केले, हे सांगावे, मग मतदार कुठे गेला ते आम्ही सांगू.

वकील, जालना:
यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. भाडेकरूची उपमा मी मागे घेतो. घरमालकाचीही चौकशी व्हायला हवी होती.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई:
वकीलसाहेबांनी काही मागे घेतले, हाच या चर्चेचा सर्वांत मोठा निकाल समजावा. दानवे यांचा मुद्दा मलाही मान्य करावा लागतो, मनाविरुद्ध. मात्र ज्या मोर्चांमध्ये नामांतरासाठी आमच्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तेही नोंदवा.

बँक कर्मचारी, नांदेड:
नोंदवले. आजोबाही त्याच मोर्चांत होते. मत मात्र त्यांनी पुन्हा तुमच्या चक्र या चिन्हाला दिले नाही.